पुलाची गाळलेली फळी

"संध्याकाळपर्यंत हवाय," पलटणीचा कारकून फोनवर म्हणाला. "एक बिल्ला. पूर्ण."

पूर्ण! हातातली कात्री मी खाली ठेवली. इंजिनिअर पलटणीच्या फाटकासमोर माझं शिंप्याचं दुकान. त्यांच्या बाहीवरच्या बिल्ल्यांचं भरतकाम मीच करतो. वर बुरूज, कारण हे लोक सगळ्यांच्या आधी आत शिरतात. त्यावर ज्योत, सुरुंगाची. खाली पूल, आणि पुलाची मधली एक फळी गाळलेली. काम अजून बाकी आहे, असा त्याचा अर्थ. ती फळी भरतात दोनच वेळा: माणूस निवृत्त झाला की, नाहीतर गेला की.

"निवृत्त कोण होतंय?" मी विचारलं.

"काका, घरच्यांना कळवल्याशिवाय नाव सांगायचं नसतं, माहितीये ना तुम्हाला." आणि ठेवला फोन बेट्याने.

निवृत्तीचं घरच्यांना कळवायचं काय कप्पाळ?

माझी लेक याच पलटणीत. पूर आलेल्या नदीवर पूल टाकायला गेलेली, आणि तिचा फोन काही लागेना. बायकोला हाक मारून सांगितलं, तर ती लेकीला पुन्हा फोन लावू लागली.

"अगं, आपली असती तर आपल्याकडेच शिवायला दिलं असतं का?" मी म्हणालो.

"या रस्त्यावर दुसरा शिंपी आहे का?" ती म्हणाली.

बुरूज भरला, ज्योत भरली. उठलो, दारात गेलो, परत येऊन बसलो. पाणी प्यायलो. समोर खुंटीवर बटणचा शर्ट लटकत होता. बटण म्हणजे लेकीच्या तुकडीतला पोरगा. येईल तेव्हा एखादं बटण हरवून येणार, आणि वर मलाच ऐकवणार, "काका, तुमचा दोरा कच्चा." आत्ता येऊन काहीतरी बडबडला असता तर बरं वाटलं असतं.

फळीला मात्र हात लागेना. खोटं कशाला बोलू, देवाशी भांडलो मी. कुणाचीही असू दे, म्हटलं, पण माझ्या पोरीची नको.

उन्हं कलली तेव्हा दार ढकललं गेलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लालभडक, आणि दारात लेक! मी ओरडलोच. हसत सुटलो, नाचायचंच काय ते बाकी होतं. बायकोने तिला घट्ट कवटाळलं. पोर नुसती उभी.

"बाबा, बिल्ला न्यायला आलेय."

"अगं, मरू दे तो..."

"बटणचा आहे," ती म्हणाली. "फळ्या आवळायला पाण्यात उतरला होता. वरून ओंडका वाहत आला." तिने नाक पुसलं. "फळीचा शेवटचा टाका आईने घालायचा असतो. पण त्याच्या आईला सुई धरवत नाहीये. म्हणाली, त्या बटणवाल्या काकांना सांगा."

कुणाचीही असू दे, असं म्हणालो होतो मी. लाज वाटली, आणि तरी पोर समोर उभी आहे म्हणून जीव सुखावतच होता. काय करू त्याला?

सुईत दोरा मला ओवता येईना. लेकीने ओवून दिला. मी फळी भरली, एकेक टाका आवळून, आणि मागे दुहेरी गाठ मारली. मग खुंटीवरचा शर्ट काढला, घडी घातली आणि बिल्ल्याबरोबर तिच्या हातात दिला.

"त्याच्या आईला दे," मी म्हणालो. "सगळी बटणं जागेवर आहेत म्हणावं."