बाथरूममधला धूमकेतू

सायन्सच्या टेबलावरचा तो रुपेरी कोष मेलेला आहे, यावर अख्ख्या वर्गाचं एकमत झालं होतं. फक्त मंजिरीचं सोडून.

"चॉकलेटची चांदी आहे ती, चुरगळलेली," क्रेग म्हणाला आणि सगळे खिदळले.

कोष होता मादागास्करचा. त्या बेटाबाहेरच्या रानात कुठेच न सापडणारा कॉमेट मॉथ, म्हणजे धूमकेतू पतंग, त्यात झोपला होता. मिसेस प्रिचर्डनी पतंग वाढवणाऱ्या एका बाईंकडून असे दोन कोष आणले होते. पहिला वाळून खडखडीत झाला. आता ईस्टरची दोन आठवडे सुट्टी आणि शाळेचं हीटिंग बंद. "घरी कोण नेईल? ऊब हवी, ओल हवी."

हात वर गेला तो मंजिरीचा. नागपूरहून हॅरोला आल्यावर पहिली दोन वर्षं या मुलीने 'येस मिस'च्या पुढे शब्द काढला नव्हता. यंदा मात्र गाडी जी सुटली ती कुठल्या स्टेशनला थांबेना.

"आतली मॉथ जिवंत आहे, मिस. मी कानाला लावून ऐकलंय, आत खसखस होते. शाळा उघडेल त्या सोमवारी मी तिला पंखांसकट घेऊन येईन."

"आणि नाही आणलंस तर?" क्रेगने विचारलं.

"आणणार म्हटलं ना!"

म्हणून तर बसली. आता करून दाखवणं आलं.

घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. एका डब्यात कोष, शेजारी चढायला खडबडीत काडी, दिवसातून दोनदा पाण्याचा शिडकावा. अडचण एकच. त्याच कपाटात, वरच्या फळीवर, आईच्या रेशमी साड्या होत्या. इंग्लंडच्या दमटपणाला भिऊन तिने त्या तिथे ठेवल्या होत्या.

"मंजू, ती कसर माझ्या साड्यांपाशी नको."

"आई, कसर नाही ती! आणि ती साडी खाणार कशी? तिला तोंडच नसतं. बाहेर आली की चार-पाच दिवस जगते, काही खात नाही, पीत नाही."

"या घरात तोंड नसलेली एक तरी बाई येऊ दे," बाबा पेपरमागून म्हणाले. त्यावर दोघींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की पेपर पुन्हा वर गेला.

तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी, शुक्रवारी, मंजिरीने कपाट उघडलं आणि नाकात भपकन वास शिरला. साड्यांच्या घडीघडीत पांढऱ्याशुभ्र डांबरगोळ्या!

"आई! हे कधी ठेवलंस?"

"परवा. का गं?"

"अगं, या किडे मारायच्या गोळ्या आहेत!"

"मग? त्यासाठीच तर ठेवतात," आई म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, ती कोषात आहे... बंद आहे ना आत?"

कोषाला भोकं होती, चाळणीसारखी. मंजिरीने तो उचलला आणि धावत बाथरूममध्ये नेला. खिडकी उघडली, गरम पाण्याची वाफ केली, टबाच्या काठावर टॉवेलच्या घडीवर कोष ठेवला. कानाला लावून पाहिलं. काहीच नाही. रात्री झोपताना पाहिलं. तरी नाही.

'जिवंतच आहे,' ती स्वतःला म्हणाली. मोठ्याने म्हणाली, म्हणजे जरा खरं वाटेल.

शनिवारी सकाळी ती दात घासत होती आणि कोष हलला. एका टोकाला ओलसर, पिवळं, केसाळ डोकं दिसलं. मग पाय. मग अख्खा देह बाहेर आला. पंख होते, पण भिजलेल्या चिंधीएवढे. पतंगाला आता उंच चढून लटकायचं होतं, म्हणजे पंख खाली सुटून उलगडतील. लटकायला मिळालं नाही तर ते तसेच चुरगळलेले वाळणार, कायमचे.

पतंग टाइल्सवर चढायला गेला. घसरला. पुन्हा गेला, आणि थेट टबात पडला. काडी? काडी कपाटातच राहिली होती! ती आणायला जावं तेवढाही वेळ नव्हता. मंजिरीने ब्रश बेसिनमध्ये टाकला आणि लोकरी स्वेटरची बाही पतंगापुढे धरली. सहा पाय बाहीत रुतले. मंजिरीने हात हळूच आडवा, खांद्याइतका वर धरला. पतंग त्याला लटकला.

तेवढ्यात खालून बेल. ब्रिस्टलचे माधवकाका, बाबांचे मोठे भाऊ, अडीच तास गाडी चालवून आले होते. पाचव्या मिनिटाला दारावर टकटक.

"कोण आहे आत? मंजू, आटप बेटा."

पूर्वी काका आले की मंजिरी पाण्याचा ग्लास ठेवून पसार व्हायची. आज दारातून खणखणीत आवाज आला.

"काका, नाही जमणार. दोन-तीन तास लागतील."

"तीन तास? अतुल, तुझी मुलगी आंघोळ करतेय की अभिषेक?"

"मंजू, काका पाहुणे आहेत!" बाबा ओरडले. "बाहेर ये बरं."

"बाबा, हात हलवला तर ती मरेल. मी येणार नाही."

मग दार किलकिलं झालं आणि आई आत डोकावली. पाहिलं, आणि तशीच उभी राहिली. बाहीखाली पिवळे पंख थेंबाथेंबाने लांब होत होते, त्यांवर डोळ्यांसारखे तांबूस ठिपके उमटत होते.

"वाचली?" आईने कुजबुजत विचारलं.

"अजून नक्की नाही. हात दुखतोय गं."

आईने वळून दाराच्या फटीतून सांगितलं, "भाऊजी, शेजारी रेखाबेनकडे जाऊन या. अहो, तुम्ही न्या त्यांना. चहाही तिकडेच घ्या."

"तीन तास?" काकांचा आवाज.

"तीन तास."

दार बंद झालं. आई जवळ आली, आणि जिला कसर म्हणत होती तिच्या अगदी खाली तळवा नेऊन तिने मंजिरीचं कोपर पेललं. ओझं अर्धं झालं. पंख उतरत राहिले, मग त्यांच्या टोकांना दोन शेपट्या सुटल्या. डावी सरळ होती, उजवीला मध्येच एक मुरड पडलेली.

"माझ्या गोळ्यांनी झालं का ते?"

"काय माहीत. टबात पडली, तेव्हाही झालं असेल. काडी मीच विसरले."

"शाळेत काय सांगशील?"

"हेच सांगेन. सोमवारी सगळंच सांगेन. आणि ती मात्र समोर उडत असेल."

"अजून किती वेळ धरायचं?"

"दीड तास तरी."

आईने इकडेतिकडे पाहिलं. मंजिरीने पायाच्या अंगठ्याने कपड्यांची बास्केट तिच्याकडे ढकलली. कोपराखालचा हात जराही न हलवता आई बास्केटवर टेकली.