शोकांत नायकाची बायको

मी मेले तेव्हा परळचा अख्खा हॉल रडला. बायकांच्या बाजूला चौथ्या रांगेत बसून मी ते बघत होते, आणि तिथे डोळे कोरडे असलेली मी एकटीच होते.

स्टेजवर माझा नवरा दत्ताराम बायकोचं प्रेत मांडीवर घेऊन हंबरडा फोडत होता. तोंडानं नाव घेत नाही, लिहायला काय हरकत आहे? प्रेत म्हणजे आमच्या शेजारचे धोंडू भावोजी, मिशी काढलेले. आणि प्रेताच्या अंगावर माझं लग्नातलं हिरवं लुगडं.

नाटक लिहिलं आमच्याच चाळीतल्या रामदासनं. गिरगावातल्या कॉलेजात जातो. आठवड्यापूर्वी तो माझ्याकडे लुगडं मागायला आला होता. चाळीच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे आणि लुगडी घराघरांतून जमवायचे, त्यात नवीन काही नव्हतं. मी सहज विचारलं, नाटक कशावर आहे?

"दत्तारामकाकांवरच म्हणा ना! संयुक्त महाराष्ट्रासाठी घरावर तुळशीपत्र ठेवणारा कामगार. माणूस मोठा, पण एक दोष आहे. त्या दोषापायी तो सगळं गमावतो. शोकांत नायक, काकू!"

"ह्यांनी काय गमावलं?"

"तुम्हाला."

"मी तर ही काय, तुझ्यासाठी चहा टाकत्येय."

"नाटकात, काकू. नाटकात तुम्ही शेवटी जाता."

"आणि मीना?"

रामदास चाचरला. "मुलगी नाही ठेवली. दोन-दोन दुःखं झाली की प्रयोग लांबतो."

मी चहाचं आधण मोरीत ओतलं आणि लुगडं मिळणार नाही म्हणून सांगितलं.

मीना म्हणजे आमची मीनाक्षी. नववीत होती, हुशार होती. गेल्या वर्षी हे सत्याग्रहात पकडले गेले आणि दोन महिने आत राहिले. त्याचा मला राग नाही, अभिमान आहे. मोर्चात मीही घसा बसेपर्यंत ओरडले आहे. तुरुंगातून ह्यांचा निरोप आला, पोरीला गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात लाव. लावली. पण सुटून आले, स्वतः कामावर रुजू झाले, तरी मीना वाइंडिंगलाच. कारण ह्यांचे निम्मे दिवस बिनपगारी, आज सभा, उद्या तालीम. शाळेचं काढलं की म्हणायचे, "आधी महाराष्ट्र होऊ दे." महाराष्ट्रानं माझ्या पोरीची नववी कुठे अडवली होती, ते मला अजून कळलेलं नाही. आता सोमवारी शाळा उघडणार होती. आठ दिवस मी मागे लागले होते, तर म्हणे, "नाटक होऊ दे."

आणि आज रविवारी ते नाटक चाललं होतं. ट्रंकेतलं लुगडं ह्यांनी मला न विचारता काढून नेलेलं होतं.

शेजारच्या सुभद्रानं माझा दंड आवळला. "अगो बाय माझे, सवाशिणीचां लुगडां मड्याच्या आंगार!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडे हे तिसऱ्यांदा म्हणाले, "माझ्या एका चुकीनं! माझ्या एका चुकीनं गेलीस गं तू!" पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून बोलावलेले प्रोफेसर रुमालानं चष्मा पुसत होते.

मी उठले ती थेट स्टेजवर गेले.

"धोंडू भावोजी, उठा. माझं लुगडं द्या."

प्रेत उठून बसलं. हॉलमध्ये हशा पिकला. भावोजींनी लुगडं सोडून माझ्या हातात कोंबलं आणि हाफपँटवर विंगेत पळाले.

"काय चालवलंयस हे?" हे दातओठ खात पुटपुटले. "खाली जा. शेवट चाललाय."

"जाते. आधी सांगा, कुठली चूक?"

"काय?"

"मघापासून एक चूक, एक चूक करताय. तिचं नाव सांगा."

ह्यांनी विंगेकडे पाहिलं. तिथे रामदास प्रॉम्प्टिंगची वही घेऊन भराभर पानं उलटत होता. त्यात ते वाक्य असणार कुठून?

ह्यांची नजर फिरत फिरत सुभद्राच्या बाजूला गेली. तिथे मीना बसली होती, मान खाली घालून.

"मीनाला शाळेतनं काढली," हे म्हणाले. आवाज खरा फुटला. तेवढं मी कबूल करते.

आणि टाळ्या पडल्या! शिट्ट्या, वन्समोर! सगळ्यांना वाटलं नाटकच चाललंय. टाळ्या ऐकताच ह्यांनी मान झुकवून छातीवर हात ठेवला, तालमीत ठेवायचे अगदी तसाच. रामदास विंगेतून धावत आला. "काकू, आता ते खरे शोकांत नायक झाले! चूक ओळखली त्यांनी!" प्रोफेसरांनी वर येऊन ह्यांच्या गळ्यात हार घातला. मी बाजूला लुगडं घेऊन उभी होते. वाटलं, त्या हारानंच एकेकाला बडवून काढावं.

सोमवारी भोंगा झाला. मी ह्यांचा डबा भरला, मीनाचा भरला नाही.

"माझा कशाला?" हे अंथरुणातून म्हणाले. "आज रजा टाकलीय. दादरला सत्कार आहे नाटकवाल्यांचा."

"जायचं नाही."

"अगं, पण..."

"नायक काहीतरी गमावतो म्हणे. तुम्ही काय गमावलंत? मी मेले ते खोटं. शाळा गेली ती पोरीची. आता सत्कार तुम्ही गमावा. आणि यापुढे रोज कामावर जायचं, मीना गिरणीत पाऊल टाकणार नाही."

बराच वेळ हे खुंटीवरच्या हाराकडे बघत बसले. मग डबा उचलून जिना उतरले.

मी हिरवं लुगडं नेसले. नळावर सुभद्रा किंचाळली, "नेसा नको गो ह्यां! मड्यावरचां ता!"

"कालच मेले ना मी? मेलेल्या बाईला आता कसलं अभद्र?"

मीनाचा हात धरून मी शाळेत गेले. मोठ्या बाईंनी आम्हा दोघींकडे पाहिलं.

"वडील नाही आले मुलीचे?"

"ते कालपासून शोकांत नायक झालेत," मी म्हटलं. "कुठे सही करायची ते मला दाखवा."