परत आलेल्यांची पुस्तकं

वेसाव्याच्या कोळीवाड्यात चंदूएवढं वाचणारं कुणी नव्हतं. सातवीत शाळा सुटली, पण अंधेरीच्या रद्दीवाल्याकडून आणलेली प्रवासाची पुस्तकं त्याने पन्नास वर्षं वाचली. वाळवंटं, बर्फ, बुडालेली जहाजं. मासळी उतरवून झाली की जाळ्यांच्या ढिगाला टेकून तो वाचत बसे. पुस्तक मात्र सख्ख्या भावालाही देत नसे.

म्हणून गेल्या मार्चमध्ये त्याने पुस्तकं वाटायला घेतली, तेव्हा त्याची बायको, कमळ, त्याच्यावर नजर ठेवू लागली. तिने विचारलं तर म्हणाला, आता वाचून झालं. मुलाने, प्रितमने, ते हसण्यावारी नेलं. पण होडीत चढवलेले डिझेलचे जादा कॅन तिने पाहिले, तांदळाची गोणी पाहिली. शेवटी त्याने कबूल केलं, किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्यानेच कन्याकुमारीपर्यंत जायचंय. वय बासष्ट. ती भांडली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून परतली तर होडी जागेवर नव्हती.

दुसऱ्याच दिवसापासून फोन लागेना. प्रितम पोलिसांत जाऊन आला, दक्षिणेकडच्या बंदरांत ओळखीपाळखीने विचारून झालं. कुणीच त्याला पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी चंदू खाडीत शिरला. मागे दोराने बांधलेली एक छोटी होडी होती, रिकामी. हर्णैच्या पुढे वाहत आलेली सापडली, एवढंच त्याने पोलिसांना सांगितलं. तिच्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. मालकाचा पत्ता लागला नाही.

बाकीचं त्याने आठवड्याने कमळला सांगितलं. त्या होडीत टोपातला भात अजून गरम होता. शेजारी चष्मा, आणि वाचता वाचता पालथं ठेवलेलं एक पुस्तक. दीड दिवस तो तिथेच घिरट्या घालत हाका मारत राहिला.

"मी वाचली ती सगळी परत आलेल्यांची पुस्तकं गं," तो म्हणाला. "जे आलेच नाहीत त्यांचं कोण लिहिणार?"

ते पुस्तक त्याने पोलिसांना दिलं नव्हतं. जिथे पालथं होतं तिथून पुढे तो आता रोज दोन-चार पानं वाचतो, जास्त नाही. काय लिहिलंय ते सांगत नाही. बाप पुन्हा निघू नये म्हणून प्रितमने होडीच्या इंजिनाचा पंखा काढून घरात आणून ठेवलाय. कमळला वाचता येत नाही, पण किती पानं उरलीत ते तिला दिसतं.