डोकं धरणारी

"बाई, तुमी जरा सरका. खुर्चीले फिराले जागा पायजे," नागपूरहून खुर्ची घेऊन आलेला माणूस म्हणाला, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच वच्छला त्या खोलीत बाजूला सरकली.

चार माणसांनी उचलून आणलेली खुर्ची. पायाजवळची दांडी दाबली की वर चढायची, सोडली की सुस्कारा टाकत खाली यायची. हिरवं रेक्झिन. हात टेकायला दोन लांबट गाद्या. आणि पाठीच्या वर, नेमकं जिथं वच्छलाचं पोट यायचं तिथं, डोकं टेकायला आणखी एक छोटी गादी. वच्छलानं ती बोटानं दाबून पाहिली. मऊ होती. लोखंडाच्या वस्तूला इतकं मऊ असायचं काही कारण नव्हतं.

"बघा वच्छलाबाई," घनश्याम डॉक्टर दांडी दाबत म्हणाले, "आता पेशंटचं डोकं हलणारच नाही."

"आतापावत कवा हाललं?" वच्छला म्हणाली. पण खुर्चीनं तेवढ्यात सुस्कारा टाकला आणि डॉक्टर त्यातच रमले.

लाखांदूरच्या बस स्टँडमागे दोन खोल्या घेऊन डॉक्टरांनी दातांचा दवाखाना थाटला तो बहात्तर साली. वच्छला तेव्हा झाडू मारायला आणि चिमटे उकळायला लागली. पेशंटसाठी एक लाकडी हातखुर्ची होती, कुठल्याशा कचेरीतून आलेली. तिची पाठ माणसाच्या खांद्यापर्यंतच यायची. त्यावरचं डोकं अधांतरी.

एक दिवस दिघोरीचे मारोतराव आले. खालची दाढ किडलेली. दिघोरी वच्छलाचं माहेर. लहानपणी ती आईसोबत मारोतरावांच्या खळ्यावर कामाला जायची, तेव्हा दोघींची जागा अंगणाच्या कडेला, कडुनिंबाच्या पलीकडे. त्याच्यापुढे पाय टाकायचा नाही, हे कोणी सांगावंही लागत नसे. छप्पन साली मोहल्ल्यानं धम्म घेतला, घरातले देव नदीला दिले. अंगणाची कड मात्र होती तिथंच राहिली.

तर मारोतरावांची दाढ काही निघेना. डॉक्टर चिमटा वर ओढायचे आणि दाढेसोबत अख्खे मारोतरावच वर यायचे. "अहो, डोकं धरा कोणीतरी!" डॉक्टर घाईनं म्हणाले. सोबतचे दोघे पुतणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. वच्छलानं झाडू ठेवला, साबणानं हात धुतले, मागं जाऊन उभी राहिली आणि ते डोकं पोटाशी ओढून घेतलं. एक तळवा कपाळावर, दुसरा जबड्याखाली. डोकं क्षणभर ताठ राहिलं. मग त्यानं सगळं वजन सोडून दिलं.

दाढ निघाली. मारोतराव गाल धरून गेले. महिन्याभरानं दुसऱ्या दाढेसाठी आले, तेव्हा दारातूनच विचारलं, "ते डोकं धरनारी बाई हाये ना?"

तेव्हापासून ती डोकं धरणारी बाई झाली. लोक आधी तिच्याजवळ बाकावर बसायचे. मग ती सांगायची, "पाहा, सुई मुंगळा चावल्यावानी चावते, दहा मोजेपावत. मंग ओठ भाकरीएवढा वाटते, पन आरशात पाहा, सुजला नाई राहत. डागदर ओढते तवा जोर समजते, दुखनं नाई समजत. कडकन वाजलं तं भेवाचं नाई, मूळ सुटून राहिलं समजाचं, जबडा नाई तुटत. आनि मी हायेच मांगं."

कवळी बसवायला आलेल्यांना ती वेगळं सांगायची. तोंडात साच्याचा लगदा भरला की ओकारी येते, तेव्हा नाकानं श्वास घ्यायचा आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहायचं. नवी कवळी पहिले आठ दिवस तोंडात दगड धरल्यासारखी वाटते, हिरडीला कुठं टोचली तर तशीच परत घेऊन यायची, घरी कानशीनं घासायची नाही. एकानं घासली होती.

सात वर्षांत किती डोकी तिच्या पोटाशी टेकली! सगळ्यात जास्त थरथरलं ते हवालदाराचं, ही गोष्ट तिनं नवऱ्याशिवाय कोणाला सांगितली नाही.

नव्या खुर्चीत पहिले बसले ते किराणा दुकानाचे भैयाजी. हातांच्या गाद्या कुरवाळत म्हणाले, "डागदरसाहेब, हे तं रेल्वेच्या फस्ट किलासावानी हाये!" आणि मागं टेकले. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. दाढ निघाली. वच्छलाचे हात पदराखालून बाहेर येत होते आणि परत आत जात होते.

संध्याकाळी तिचा नवरा कवडू राईस मिलमधून आला, भुवयांवर कोंडा घेऊन. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"खुर्ची का मानूस हाये, तिच्यावर जळून राहिली तू?"

"जळते कोन? सांगून राहिली फक्त. तिले चार मानसायनं उचलून आनलं. मी आली तवा मले कोनं उचललं होतं?"

"मंग सवत झाली म्हन ना तुयी!" कवडू हसला.

"सवतीले तोंड तरी राहते," वच्छला म्हणाली. "भांडता येते."

भांडता येत नसल्यानं ती दुसऱ्या वाटेनं गेली. टेबल, कपाट, चिमट्यांचं तबक सगळं मऊ फडक्यानं पुसायची आणि खुर्चीला फरशीचं फडकं लावायची. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा "चुकलं" म्हणाली. कोणी मान चोळत बाहेर आलं की तिचा चेहरा उजळायचा. "आखडली काय मान? आखडनच. लोखंड हाये ते." बाकावर बसून सांगणं तिनं थांबवलं नव्हतं. सुई, ओठ, आवाज, सगळं सांगायची. फक्त शेवटचं 'मी हायेच मांगं' आता म्हणता येत नव्हतं, आणि त्याच्या रिकाम्या जागेशी ती दिवसातून दहा वेळा ठेचकाळायची.

अशात एका दुपारी भैयाजींची बायको शकुनबाई आली. एकटीच. उजव्या गालाला पदर लावलेला, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

"बाई, डोकं तुमीच धरान ना? आमचे हे म्हनते, पयले तुमी धरत होत्या."

"आता खुर्ची धरते," वच्छला म्हणाली. "तिले काय समजते कोनाले किती दुखून राहिलं? खालची दाढ हाये तुमची. तुमी हालल्या तं चिमटा कुठी जाईन, काई सांगता नाई येत. पक्क्या बसा, म्हंजे झालं."

यात खोटं म्हणावं असं एकही वाक्य नव्हतं. शकुनबाई थोडा वेळ बसली. मग "दुकानात सांगून येतो" म्हणून उठली ती आलीच नाही.

डॉक्टरांनी आतून विचारलं, "बाहेर कोणी होतं ना?"

"होतं. गेलं," वच्छला म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. खुर्चीचा एक पेशंट कमी झाला.

पाचव्या दिवशी भैयाजी शकुनबाईला धरून घेऊन आले. उजवा डोळा सुजेत बुडालेला. गाल चकचकीत, लाल. अंगात ताप. तोंडात एक बोटही जाईना. घरी लवंग झाली, तंबाखूचा गुडाखू चोळून झाला, शेजारणीच्या सांगण्यावरून तापलेल्या विटेचा शेकही झाला होता.

"सुजेला शेक दिला?" डॉक्टर कधी ओरडत नसत, ते ओरडले. "आणि इतके दिवस काय करत होतात?"

"आली होती म्हने एकडाव," भैयाजी म्हणाले. "भेली अन् पळाली. बाईची जात!"

डॉक्टरांनी पू काढला. पेनिसिलिनची सुई दिली आणि पाच दिवस रोज यायला सांगितलं. सूज उतरल्यावरच दाढ काढता येईल म्हणाले. भैयाजींना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले, पण खोली लहान होती. "सूज गळ्यात उतरायला लागली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर भंडाऱ्याला पळवावं लागलं असतं. आणि रस्त्यात काय झालं असतं, ते मला विचारू नका."

जाताना शकुनबाईनं उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं वच्छलाकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. तोंड उघडत नव्हतं म्हणून, की बोलायचं नव्हतं म्हणून, हे वच्छलाला कळलं नाही, आणि तेच तिला सोसवेना.

दवाखाना रिकामा झाला. डॉक्टर हात धूत होते.

"डागदरसाहेब, शकुनबाईले मीच भेवाडलं."

पाणी तसंच वाहत राहिलं. "काय सांगितलंत?"

तिनं शब्दाला शब्द सांगितलं. डॉक्टरांनी नळ बंद केला. "का पण?"

का, याचं उत्तर तिनं दवाखाना रिकामा होईपर्यंत किती तऱ्हांनी जुळवलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

"मले मांगं उभी राहाले जागाच नाई राहिली ना," ती म्हणाली.

डॉक्टर बाकावर बसले. बसताना एक हात कमरेवर गेला आणि चेहरा वाकडा झाला. "बाई, मला वाकता येत नाही. दोन वर्षं झाली. लाकडी खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात पाहायचं म्हणजे कमरेत सुरी फिरते. ही वर येते, म्हणून उभा तरी आहे. नाहीतर दवाखाना बंद करून नागपूरला जायचं घरात चाललं होतं."

 सात वर्षं वच्छला डॉक्टरांच्या समोर उभी होती, मधे कुणाचं तरी डोकं घेऊन. त्यांची पाठ तिला कधी दिसलीच नव्हती.

"शकुनबाई सोमवारी दाढ काढायला येतील," डॉक्टर उठत म्हणाले. "त्यांना नीट सांगा. सगळं." रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

सोमवारी शकुनबाई आली. गाल बराच उतरला होता. वच्छला बाकावर तिच्या शेजारी बसली.

"त्या दिवशी मी खोटं नाई बोलली," वच्छला म्हणाली, "पन बरोबर बी नाई बोलली."

शकुनबाई समोर पाहत होती. "आमचे हे म्हने, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. मी म्हनलं, नाई. त्या बाईले पुसाचं हाये मले, काहून भेवाडलं म्हून."

"खुर्चीचा राग होता."

"खुर्चीचा?" शकुनबाईनं आता मान वळवली. "आनि दाढ मायी?"

 वच्छलानं सांगायला सुरुवात केली. सुई मुंगळ्यासारखी. ओठ भाकरीएवढा. जोर समजते, दुखत नाई. कडकन वाजलं तं भेवाचं नाई. मग क्षणभर थांबली.

"खुर्चीची गादी डोक्याले पयले थंडी लागते, मंग नाई लागत. ती हालत नाई. माये हात भरून आले का मी पकड ढिली सोडत होती, कोनाले समजू देत नव्हती. ती नाई सोडत. माया हातापेक्षा पक्की हाये ती."

हे वाक्य बाहेर यायला दाढेपेक्षा जास्त वेळ लागला.

शकुनबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "या खेपेले भेवाडलं ना बाई, तं पयले तुमची दाढ काढाले लावीन त्या खुर्चीत बसवून!" आणि ती हसली, दुखऱ्या बाजूला हात धरून, अर्ध्याच तोंडानं. वच्छलाही हसली.

"तुमी अंदर रायता ना?"

"रायतो. दाराजवळ."

ती दाराजवळ उभी राहिली, हात मागं बांधून. शकुनबाईचं डोकं गादीवर टेकलं. एकदा ताठ झालं, मग सैल झालं. हे कधी होतं ते वच्छलाला मानेवरून कळायचं, आणि तेव्हाच डॉक्टरांनी चिमटा धरला, म्हणजे त्यांनाही कळत होतं. आवाज झाला. दाढ तबकात पडली. खोलीत तिघं होती, आणि तिच्यावाचून काही अडलं नाही.

बाहेर आणून तिनं शकुनबाईला बसवलं. "कापूस अर्धा घंटा चावून ठेवा. बोलू नोका. घडीघडी थुकाचं नाई, थुकलं का रगत थांबत नाई. आज गरम चहा नाई, थंड दूध घ्या. रात्री पेज. बोट लावून पाहू नोका अंदर. उद्यापासून मिठाच्या कोमट पान्यानं गुळण्या. आनि शेक," ती म्हणाली, "शेक तं बिलकूल नाई." शकुनबाई कापूस चावत मान हलवत राहिली. भैयाजी आले, तिला घेऊन गेले.

दवाखाना बंद करायच्या आधी वच्छलानं खुर्ची पुसली. मऊ फडक्यानं. डोक्याच्या गादीवर तेलाचा एक काळसर गोल उमटला होता, वासाच्या तेलाचा, खोबरेलाचा, जवसाच्या तेलाचा, कोणाचा कुठला ते आता वेगळं करता येत नव्हतं. असाच गोल सात वर्षं तिच्या लुगड्यावर, पोटाशी पडायचा. रोज सोड्यात बुडवावं लागायचं, तरी पुरता निघत नसे. किती शिव्या दिल्या होत्या तिनं त्याला. तिनं साबणाचं पाणी घेतलं आणि गादी कडेकडेनं स्वच्छ केली.

घरी जाऊन तिनं लुगडं बदललं. उतरवलेलं लुगडं दारातल्या उजेडात धरून पाहिलं. पोटापाशी कोरं होतं.

"काय पाहून राहिली?" कवडूनं विचारलं.

"काई नाई."

बादलीत पाणी घेऊन तिनं सोडा टाकला, लुगडं बुडवलं.

"मळलं तं नाई दिसत," कवडू म्हणाला.

 लुगड्यात हवा भरून पाण्यावर डोक्याएवढा एक फुगा आला होता. तिनं तो दोन्ही तळव्यांत धरून हळूच खाली दाबला, आणि तो बसेपर्यंत हात काढले नाहीत.