सात-चौदाचं फूल

माणसांबद्दल डिंकमावशीचं मत कधीच फारसं बरं नव्हतं. वाळवंटातल्या उद्यानाच्या फाटकापाशी गाड्यांची ती रांग बघितल्यावर ते आणखी घसरलं. ही सगळी माणसं म्हणे रानफुलं बघायला आली होती. पुढच्या गाडीतून एक बाई उतरली ती उंच टाचांच्या चपला घालून, आणि दोन पावलांत घोट्यापर्यंत रुतली. तिच्या यजमानांनी आधी झकास आळस दिला, मग चाकाशी उगवलेलं एक पांढरं फूल खुडलं, त्याची पाकळी न् पाकळी काढून टाकली आणि उरलेल्या काडीनं दात कोरले.

"रसिक आले," मावशी गाडीतल्या गाडीत म्हणाली.

धाकट्या बहिणीनं मागं वळून डोळे वटारले. खिडकीची काच खाली होती.

डिंकमावशी हे नाव तिला पोरांनी दिलेलं. एका कॉलेजात वाळवलेल्या झाडांची खोली होती, तिथं ती चौतीस वर्षं कामाला होती. शिकवणारे आणि शिकणारे रानात जायचे, झाडं मुळासकट उपटायचे, रद्दी पेपरात दाबून आणायचे आणि तिच्या टेबलावर आदळायचे. तिनं ती जाड पांढऱ्या कागदावर मांडायची, सुईदोऱ्यानं टाचायची, जिथं दोरा बसत नाही तिथं डिंकाचं बोट लावायचं, कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची आणि कपाटात घालायची. मुळं खाली, शेंडा वर, पानं दोन्ही अंगांना सारखी, हा तिच्या खोलीचा कायदा. एखादं झाड वेडंवाकडं आलंच तर ती ओल्या कुंचल्यानं त्याची पानं मऊ करून हवी तशी वळवून घ्यायची. मोठे सर पाहुण्यांना तिचे कागद दाखवायचे आणि म्हणायचे, बाईंच्या हातात झाड कसं उभं राहतं बघा. शाळा अर्ध्यात सुटलेल्या बाईला एवढं पुरत होतं. पुरून वर थोडं उरतही होतं, आणि ते उरलेलं तिच्या बोलण्यात उतरायचं.

आजच्या खटाटोपाचं कारण होतं सात-चौदा. म्हणजे सातव्या कपाटातला चौदावा खण. त्यातल्या एकाच जातीच्या झाडाचे एकेचाळीस कागद मावशीनं स्वतःच्या हातानं शिवले होते. वीतभर देठ, आणि शेंड्याशी एकच फूल. पाकळीच्या टोकाला खाच, उंदरानं कुरतडल्यासारखी. कागदावर ते फूल चहाच्या डागासारखं दिसायचं. चिठ्ठी सरांच्या शास्त्रीय भाषेत, तिथं मावशीचं घोडं अडायचं. मात्र हे तिनं कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा एका विद्यार्थिनीनं आपणहून वाचून दाखवलं, मावशी, हे फूल जांभळं असतं बरं का, दुपार कलल्यावर उमलतं. पुढचं वाचायच्या आत मावशी म्हणाली होती, माहीत आहे मला.

महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. खोलीलाही कुलूप लागणार होतं, सगळ्या कागदांचे फोटो काढून झाले होते. त्याआधी सात-चौदा एकदा जिवंत बघायचं, एवढा एकच हट्ट तिनं धाकटीपाशी धरला होता. पाऊस मनासारखा झाला तरच त्याला फूल येतं, आणि तसा पाऊस नऊ वर्षांनी झाला होता. पुढच्या वेळी आपले गुडघे कुठं असतील कुणास ठाऊक.

धाकटीनं नवऱ्याला तयार केलं. मेहुण्यांचं फरशांचं दुकान होतं, आणि जगात जे जे काही आहे ते फरशीत बसवता येतं अशी त्यांची समजूत होती. सकाळपासून ते तेच करत होते. गुलाबी टेकडी दिसली तेव्हा त्यांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, ताई, हा रंग आपल्याकडे दोन बाय दोनमध्ये आहे, पाय घसरत नाही. केशरी फुलांचं पठार आलं तेव्हा म्हणाले, हा मात्र चालत नाही हो, डाग दिसतात. मावशीनं खिडकीबाहेर तोंड फिरवून घेतलं. ज्या माणसाशी आपली बहीण सव्वीस वर्षं बोलते आहे त्याच्याशी ती नक्की काय बोलत असेल, याचा तिनं विचार करून बघितला आणि सोडून दिला.

भाचीचं निराळंच. ती फुलांशी मॅचिंग म्हणून मुद्दाम पिवळा ड्रेस घालून आली होती आणि पठारावरची फुलं निघाली गर्द केशरी. त्याचं तिला इतकं वाईट वाटलं की तासभर कुणाशी बोलली नाही.

कठड्याच्या जागेवरून खोल दरी दिसत होती. थरावर थर, लाल, करडे, राखाडी. तिथं साठेक माणसं दरीकडे पाठ करून उभी होती, फोटोसाठी. खाली एक लांब कानांचा ससा दगडाच्या सावलीत बसला होता, नाक हलवत. तो फक्त मावशीनं आणि मेहुण्यांनी बघितला. पण मेहुणे लगेच "ताई, ससा" असं मोठ्यानं म्हणाले आणि ससा गेला. पुढं रस्त्यावर कासव निघालं होतं, तर त्याच्याभोवती घोळका. एका सद्गृहस्थांनी आपली टोपी कासवाच्या पाठीवर ठेवली आणि बायकोला म्हणाले, काढ लवकर, चाललं ते. कासवाला कुणी पहिल्यांदाच "लवकर" म्हणालं असेल.

"माणसाच्या जातीला फाटकाच्या आत सोडायलाच नको," मावशी म्हणाली.

"आपण पण आलोच की," धाकटी म्हणाली.

"आपली गोष्ट वेगळी आहे."

ती गोष्ट किती वेगळी आहे हे दुपारी दोनच्या सुमाराला सिद्ध झालं. जुन्या चिठ्ठ्यांवर नकाशासारखी एक खूण असायची, कोरड्या ओढ्याच्या पलीकडचं सपाट मैदान, आणि ती मावशीला पाठ होती. गाडी थांबली तिथून पायवाट डावीकडे जात होती, मैदान उजवीकडे होतं. मधे पाटी: पायवाट सोडू नये. मेहुणे पाटीपाशी घुटमळले.

"या पाट्या त्या टोपीवाल्यांसाठी असतात," मावशी म्हणाली, "ज्याला कळतं त्याला नाही," आणि ओढ्यात उतरली. मागोमाग धाकटी, भाची आणि सतरंजी काखोटीला मारून मेहुणे.

मैदानात बघण्यासारखं काही नव्हतं. वाळू, आणि तिला घट्ट धरून पसरलेला करड्या-हिरव्या पानांचा काहीतरी खरखरीत पसारा, पायाखाली करकरणारा. उभं झाड एक नाही. मावशीनं तिथंच मोकळी जागा बघून सतरंजी घालायला सांगितली. फूल दुपार कलल्यावर उमलतं, आधी झाड शोधून ठेवू, म्हणाली. भाचीच्या मोबाइलमध्ये सात-चौदाच्या कागदाचा फोटो होता: सरळसोट देठ, दोन्ही अंगांना पानं, सैनिकासारखं ताठ.

भाचीनं दहा मिनिटं शोधलं. धाकटीनं बसल्या बसल्या शोधलं. मेहुण्यांनी मात्र तो फोटो आपल्या मोबाइलवर घेतला आणि कमरेत वाकून मैदानाची एक एक पट्टी पिंजायला सुरुवात केली, दुकानात फरशीची ओळ तपासतात तसे. अर्धा तास. तास. उन्हानं मान लाल झाली तरी बाबा थांबेना. मावशी सतरंजीवर पाय पसरून त्यांच्याकडे बघत राहिली. जन्मात कधी झाड न बघितलेला माणूस, ह्याला काय दिसणार. ती तसं म्हणालीही.

"अगं, तुझ्यासाठीच शोधतायत ते," धाकटी म्हणाली. "काल रात्रीपासून विचारतायत मला, ताईंना आवडतं ते फूल कसं असतं."

 मावशीला या गोष्टीचा थोडा रागच आला.

चार वाजून गेले. ऊन तिरपं झालं. मावशीचा तळवा सतरंजीच्या कडेबाहेर वाळूवर टेकलेला होता, आणि त्याला गुदगुल्या झाल्या. किडा असेल म्हणून तिनं हात झटकला. किडा नव्हता. त्या खरखरीत पसाऱ्यात करड्या रंगाची पिळलेली एक कळी होती आणि ती पीळ सोडत होती, सावकाश, झोपेतून उठणाऱ्या बाळाच्या मुठीसारखी. आत जांभळं. पाकळी पूर्ण उघडली तेव्हा तिच्या टोकाला खाच होती, उंदरानं कुरतडल्यासारखी.

मावशी वाकली. देठ वीतभरच होता, पण वर कुठं चालला नव्हता. जमिनीवर पोट टेकून सरपटत गेला होता. पानं सगळी एकाच अंगाला, आकाशाकडे तोंड करून. दुसऱ्या अंगाला पान नव्हतंच, तिथं जमीन होती.

एकेचाळीस कागदांवर तिनं निम्मी पानं ओल्या कुंचल्यानं दुसऱ्या अंगाला वळवली होती. दर वेळी ती पानं एकाच बाजूला आलेली असत आणि दर वेळी तिला वाटे, दाबताना पोरांनी हयगय केली. झाड एकेचाळीस वेळा सांगत होतं आणि ही बाई त्याला एकेचाळीस वेळा सरळ करत होती.

"मेहुणे," तिनं हाक मारली. "जागचे हलू नका."

मेहुणे एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले. त्यांच्या भोवती, धाकटीच्या भोवती, ओढ्यापर्यंत, सगळं मैदान पीळ सोडत होतं. करड्याचं जांभळं होत होतं. भाची मोबाइल हातात असूनही तो वर करायची विसरली. आणि ओढ्यापासून सतरंजीपर्यंत त्या जांभळ्यातून चार माणसांच्या पावलांची ओळ आली होती, पुढं शोधणाऱ्यांचे ठसे पट्ट्यापट्ट्यांनी गेले होते, तेवढे सोडून. ते काळे पडले होते.

मावशीनं सतरंजीचा कोपरा उचलला. खाली झाडं होती, पसरून, सपाट, एकावर एक न चढता. इतकं सफाईदार दाबणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यातली एक चेपलेली कळी उघडायचा प्रयत्न करत होती. दोन पाकळ्या सुटल्या, बाकीच्या राहिल्या. मावशीनं कोपरा पुन्हा खाली ठेवला नाही. तो हातात धरून ती तशीच बसून राहिली.

"ताई, हे ते?" मेहुण्यांनी लांबूनच विचारलं. "हे तर आडवं आहे."

"हो."

"मग मी मगापासून यावरूनच…"

"तुम्ही नाही. मी सांगितलं तिथं तुम्ही पाय ठेवलात."

मेहुण्यांनी उचललेला पाय जपून आपल्याच जुन्या पावलाच्या ठशात टेकवला. बराच वेळ फुलांकडे बघितलं. मावशी वाट बघत होती, आता हा रंग कितव्या मापात मिळतो ते येणार. ते म्हणाले, "असा रंग नाही आपल्याकडे."

तेवढ्यात ओढ्यापलीकडून शिट्टी वाजली. खाकी कपड्यातला रखवालदार पाटीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मावशीनं लगेच ओळखलं. सकाळपासून तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तेच होतं.

"आलात त्याच पावलांवरून परत या," तो ओरडला. "एकामागं एक. नवीन पाऊल टाकायचं नाही."

मावशी चपला काढून हातात घेऊन चालली. काळ्या ठशांवर पाय ठेवत, जाड अंगानं तोल सावरत, मधेच मेहुण्यांच्या खांद्याचा आधार घेत. दोन्ही बाजूंना जांभळं पसरलेलं, आणि बघायला मान वळवली तर पाय चुकतो. तरी ती दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा रखवालदारानं शिट्टी वाजवली.

"पाटी वाचता येते ना?" काठावर आल्यावर त्यानं विचारलं.

"येते."

"चांगल्या घरची दिसता. तुमच्यासारख्यांनीच असं करायचं म्हणजे बाकीच्यांना काय बोलायचं आम्ही."

"अहो, या ताई जाणकार आहेत," मेहुणे पुढं सरसावले. "चौतीस वर्षं झाडांचंच काम करतात. मैदानात जाऊ या असं मीच म्हणालो, चूक माझी आहे."

"काही नाही," मावशी म्हणाली. "यांनी अडवलं होतं. मी नेलं सगळ्यांना."

रखवालदाराला कुणी नेलं यात काडीचा रस नव्हता. त्यानं काखेतली वही उघडली. तारीख, जागा, माणसं किती. मग पेन थांबवून, वर न बघता विचारलं, पायवाट कशासाठी सोडली.

मावशीनं मागं बघितलं. ऊन आणखी उतरलं होतं आणि मैदानाच्या पार टोकापर्यंत जांभळं पोचलं होतं.

"फूल उभं असेल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली.

रखवालदारानं तिच्याकडे क्षणभर बघितलं, आणि वहीत लिहिलं: फोटो काढण्यासाठी. वरच्या सगळ्या ओळींत तेच लिहिलेलं होतं.

मेहुणे काही बोलायला गेले. मावशीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि रखवालदाराला विचारलं, सही कुठं करायची.