बुधवारचा कापूस

माणूस खोटं बोलतो, त्याचे कपडे बोलत नाहीत, असं लाँड्रीवाल्या काकूंचं ठाम मत होतं. उभा जन्म दुसऱ्यांचे कपडे धुण्यात गेल्यामुळे गल्लीतलं कुणाचंच गुपित त्यांच्यापासून लपलेलं नव्हतं. दारू सोडली म्हणून सांगत फिरणाऱ्या मास्तरांच्या बाहीवर काय सांडतं, कामाला जातो म्हणून घराबाहेर पडणाऱ्या जावयाची पँट मागच्या बाजूने का झिजते, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्या कुणाला सांगत मात्र नसत. गिऱ्हाईक तुटतं.

म्हणूनच बुधवारी संध्याकाळी सुनेने काढून टाकलेला काळा स्कर्ट त्यांनी टोपलीतून उचलला, तेव्हा तो नुसता मशीनमध्ये टाकून त्यांना चैन पडेना. त्या तो खिडकीपाशी घेऊन गेल्या. स्कर्टला जागोजागी कापूस चिकटला होता आणि समोर, बरोबर गुडघ्यांच्या जागी, धुळीचे दोन गोल डाग होते. मागच्या बुधवारीही होते. तेव्हा काकूंनी दुर्लक्ष केलं होतं, एकदा होतं माणसाकडून. पण आता पाणी नक्की कुठंतरी मुरत होतं.

काकूंचा मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी लाँड्रीची गाडी घेऊन गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला गेला आणि वळणावर ट्रकने त्याला उडवलं. तेव्हापासून घरात दोघीच. काकू मशीनपाशी, सून इस्त्रीच्या टेबलापाशी. पहिले काही महिने सुनेच्या डोळ्यांतल्या पाण्याला खळ नव्हता. लोकांच्या शर्टांवर टपटप आसवं गाळायची आणि त्यावरूनच इस्त्री फिरवायची. "वेगळं पाणी शिंपडायला नको, तेवढीच बचत," असं काकू एकदा म्हणाल्या होत्या आणि मग दोघी मिळून रडल्या होत्या.

अलीकडे मात्र सून रडत नव्हती. पोटभर जेवत होती. कपड्यांच्या घड्या घालताना कधीकधी गुणगुणत होती. दुसरी एखादी सासू असती तर म्हणाली असती, चला, पोरगी सावरली. काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

सून तरुण होती, दिसायला बरी होती, आणि तिने उद्या दुसऱ्या कुणाचा हात धरला तर तिला अडवण्याचा हक्क काकूंना नव्हता. तेही त्यांनी सोसलं असतं. पण पोरगा झोपेत बडबडतो, त्याला साय आवडत नाही, हसताना तो आधी नाक वर ओढतो, हे माहीत असलेलं काकूंखेरीज एकच माणूस जगात होतं. तेही उठून गेलं, तर त्याची आठवण काढायची कुणाजवळ? काकूंना भीती होती ती याची.

दुसऱ्या दिवशी सून दुकानात असताना त्यांनी तिचं कपाट उघडलं. मुलाचे शर्ट एका बाजूला टांगलेले असत. रांग बरीच विरळ झाली होती. निळ्या चौकटीचा नव्हता, करडा नव्हता, लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेला पांढराही नव्हता. काकू पलंगावर बसल्या. माझ्या पोराचे शर्ट ही बया कुणाच्या अंगावर घालतेय?

खरं तर शर्ट लपवण्याच्या बाबतीत काकूंनी तोंड उघडायला नको होतं. त्यांच्या स्वतःच्या ट्रंकेत, लोकरीच्या कपड्यांच्या तळाशी, मुलाचा एक शर्ट होता. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी त्याने काढून खुर्चीवर टाकलेला. गावाची धुणी धुणाऱ्या बाईने तो एक शर्ट धुतला नव्हता. मनात फार दाटून आलं की त्या दार लावून घेत, तो नाकाशी धरून पोराचा वास घेत आणि पुन्हा तळाशी ठेवून देत. सुनेला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही.

"बुधवारी कुठं जातेस गं?" त्यांनी इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मैत्रिणीकडे."

"कुठल्या?"

"तुम्ही नाही ओळखत, आई."

बोलता बोलता सुनेचा हात जागच्या जागी थांबला. तिच्या हातून कधी कापड जळत नसे. त्या दिवशी हॉटेलच्या टेबलक्लॉथवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. काकूंनी तो टेबलक्लॉथ बघितला आणि काय ते समजल्या.

आता कापूस. कापूस म्हणजे गादीवाला, त्यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतं. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं. माणूस विधुर, स्वभावाने गरीब, हातात कला, आणि गरीब स्वभावाचीच माणसं जास्त धोकादायक असतात हा काकूंचा आणखी एक सिद्धांत. घरातली एक धडधाकट उशी त्यांनी मुद्दाम कडेला उसवली आणि ती काखोटीला मारून त्याचं दुकान गाठलं.

गादीवाला मोठ्या सुईने गादीला टाके घालत होता. दाढीत कापूस, भुवयांत कापूस. काकूंची नजर आधी त्याच्या शर्टाकडे गेली. शर्ट त्याचा स्वतःचाच होता. मग ती खाली उतरली. त्याच्या पँटवर, बरोबर गुडघ्यांच्या जागी, धुळीचे दोन गोल डाग होते.

"माझ्या सुनेला ओळखता का हो?" काकूंनी उशी पुढे करत विचारलं.

सुई थांबली. "ओळखतो... म्हणजे, तोंडओळख आहे."

"असं का."

"फार चांगल्या आहेत हो," गादीवाला घाईघाईने म्हणाला आणि लाल झाला. "उशीचे पैसे राहू द्या. एवढंसं तर काम."

तोंडओळखीने गुडघे मळत नाहीत, असं काकू मनाशी म्हणाल्या. रस्ताभर त्या स्वतःशीच भांडत आल्या.

पुढच्या बुधवारी सून पिशवी घेऊन बाहेर पडली, तशी काकूंनी दुकानाचं शटर ओढलं आणि बऱ्याच अंतरावरून तिच्या मागे निघाल्या. सून बाजार ओलांडून गेली, पोस्टाशी वळली आणि चर्चच्या बाजूच्या दाराने आत शिरली. पाठोपाठ खांद्यावर पोतं घेऊन गादीवाला. काकू रस्त्याच्या पलीकडे थिजून उभ्या राहिल्या. निदान जागेची तरी लाज बाळगायची!

या चर्चमधून काकू शेवटचं बाहेर पडल्या होत्या, ते मुलाच्या शवपेटीच्या मागून. पाळकांनी त्यांचा हात धरून ही देवाची इच्छा असं काहीतरी म्हटलं होतं आणि काकूंनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "मग त्याला सांगा, आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस म्हणावं." घरी येऊन सुनेलाही बजावलं होतं, या घरात देवाचं नाव काढायचं नाही. पाळक नंतर दोनदा आले. दोन्ही वेळा काकूंनी त्यांच्याकडून धुवायचे कपडे तेवढे घेतले.

पण आज राग त्या आठवणीहून मोठा होता. त्यांनी रस्ता ओलांडला आणि दार ढकललं.

आतल्या खोलीत लांब टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसली होती. बेकरीवाली होती, शाळेचा पहारेकरी होता, सगळ्यांच्या हातात सुईदोरा. टोकाला गादीवाला पोतं उघडत होता. आणि सुनेच्या हातात कात्री होती, कात्रीच्या पात्यांत मुलाचा तपकिरी शर्ट.

"खाली ठेव ती कात्री!" काकू ओरडल्या. "माझ्या पोराचे शर्ट कापतेस? आणि हा, हा गादीवाला..."

गादीवाला दोन्ही मुठींत कापूस धरून उभा राहिला. पुढे काय म्हणायचं ते काकूंना सुचेना, कारण इतक्या माणसांसमोर, शिवणकामाच्या टेबलापाशी, कुणी कुणाशी लफडं करत असेल असं त्यांनाही वाटेना. बेकरीवालीने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुनेने कात्री ठेवली, उठून काकूंचा हात धरला आणि त्यांना चर्चच्या मोठ्या दालनात नेलं. बाकं तीच होती. जमीनही तीच, दगडी, गार. पण प्रत्येक बाकापुढे खाली लहान लहान उशा मांडल्या होत्या, गुडघे टेकायला, जमिनीच्या धुळीने मळलेल्या. कुठे फुलाफुलांचं कापड, कुठे जाड कोटाचं, एक तर तान्ह्या मुलाच्या दुपट्याची. तिसऱ्या बाकाशी निळ्या चौकटीची होती. तिच्यावर एक बटण तसंच ठेवलं होतं, लाल दोऱ्याने शिवलेलं. निळा दोरा संपला म्हणून ते काकूंनीच तसं लावलं होतं आणि मुलगा हसला होता.

"ज्यांचं माणूस गेलंय ते त्याच्या कपड्यांची उशी करतात," सून म्हणाली. "आपल्या माणसाच्या उशीवर आपण नाही टेकायचं. ती दुसऱ्यांसाठी. मी पहिल्यांदा आले तेव्हा या फुलाफुलांच्या उशीवर टेकले. गादीवाल्यांच्या बायकोचा झगा आहे तो. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, आई. पण खालून कुणीतरी मला धरलंय असं वाटलं. मित्र गेला तेव्हा येशूसुद्धा रडला होता ना. मग म्हटलं, याच्यासमोर रडायला हरकत नाही, याला रडणं माहीत आहे."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही देवाचं नाव काढू नकोस म्हणाला होतात." सून बटणाकडे बघत म्हणाली. "आणि दुसरं म्हणजे, माझा तुमच्यावर संशय होता."

"माझ्यावर?"

"त्याचा शेवटचा शर्ट. खुर्चीवर टाकलेला. मातीवरून परत आले तर खुर्ची रिकामी. सगळं घर शोधलं. मग वाटलं, आईंनी सवयीने उचलून मशीनमध्ये टाकला असणार. विचारायचा धीर नाही झाला. तुम्ही हो म्हणाला असतात तर मला त्या घरात राहणं जमलं नसतं. दर बुधवारी इथं टेकते आणि एकच मागते. आईंना क्षमा करायला शिकव, त्यांनी जाणूनबुजून नाही केलं. आता कुठं जमायला लागलं होतं."

काकूंनी बाकाचा कठडा धरला. दोन आठवडे त्या या पोरीच्या गुडघ्यांवरच्या धुळीचा माग काढत होत्या, आणि ती धूळ त्यांच्याचपायी लागलेली होती.

"नाही धुतला गं," त्या म्हणाल्या. "माझ्या ट्रंकेत आहे. तसाच आहे."

सुनेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली आणि तिने काकूंचे पाय घट्ट धरले, आणि काकूंना तिथेच, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं रडू फुटलं. मला क्षमा कर, मला क्षमा कर, असं त्या म्हणत राहिल्या, सुनेला की आणखी कुणाला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रार्थनेची वेळ झाली तशी आतली माणसं येऊन बसली. गादीवाला त्यांच्याकडे न बघता निळ्या चौकटीवर गुडघे टेकून बसला. पोराच्या शर्टावर परका माणूस टेकलेला पाहून आपल्याला राग येईल, असं काकूंना वाटलं होतं. आला नाही. उलट पोराने एखाद्या म्हाताऱ्याला हात द्यावा तसं वाटलं आणि बरं वाटलं. त्या फुलाफुलांच्या उशीवर कशाबशा टेकल्या. हात जोडले.

"माझा राग गेलेला नाही," त्या पुटपुटल्या. "पण हिला तू सांभाळलंस. दारात यायचं तर ये."

घरी पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा ठेवला नाही. ट्रंक उघडली, लोकरीचे कपडे बाजूला सारले आणि शर्ट दोन्ही हातांवर घेऊन सुनेपुढे धरला. सुनेने तो चेहऱ्याशी नेला.

"कॉलरपाशी घे," काकू म्हणाल्या. "तिथं अजून आहे थोडा."