उलट्या दांडीची किटली

चष्मेवाल्याला माणसांपेक्षा भांडी जास्त कळतात, असं त्याची बायको म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. कुणाचा चष्मा नाकावर किती कललाय हे तो दुकानाच्या दारातूनच ओळखायचा. पण घरात पाऊल टाकलं की त्याची नजर थेट भिंतीवरच्या कपाटाकडे जायची. तिथे त्याचा दुसरा संसार होता. जपानी कुंभारांनी हाताने घडवलेले बिनकानाचे पेले, राखाडी वाडगे, आणि तांबूस मातीच्या मुठीएवढ्या किटल्या. या किटल्यांची दांडी मागे नसते, बाजूला असते. मुठीत दांडी धरायची, अंगठा झाकणावर ठेवायचा, मनगट जरासं वळवलं की चहा पेल्यात. इतकी सोयीची वस्तू माणसाने दुसरी घडवलीच नाही, असं त्याचं म्हणणं.

भांडी जमवून नुसती बघत बसणाऱ्यांतला तो नव्हता बरं का. रोज संध्याकाळी एक किटली खाली उतरायची. तिला साबण लावायचा नाही, मातीत वास शिरतो, अशी घरात सगळ्यांना तंबी होती. सगळ्यांना म्हणजे बायकोला, कारण मुलगी लग्न होऊन गेलेली. उकळलेलं पाणी निवू द्यायचं, हिरवी पत्ती टाकायची आणि घड्याळावर डोळा ठेवून बसायचं. जरा उशीर झाला की चहा कडू, आणि कडू चहा म्हणजे याच्या लेखी गुन्हाच. पाहुण्यांनाही यावर प्रवचन मिळे. बिचारे पुढच्या वेळी चहा घेऊनच यायचे.

एवढं असूनही त्याच्या जिवाला एक गोष्ट लागून राहिली होती. बायको त्या भांड्यांना हात लावत नव्हती. दोघांनी समोरासमोर बसावं, कधी त्याने तिला ओतून द्यावं, कधी तिने त्याला, एवढीच त्याची हौस. तो रोज दोन पेले मांडायचा, आणि ती आपला जाडजूड मग घेऊन मागच्या खोलीत शिवणयंत्रापाशी जायची. कपडे उसवून, आवळून, सैल करून देण्याचं तिचं काम दिवसभर चालायचं. दुसऱ्या पेल्यातला चहा शेवटी त्यालाच संपवावा लागे.

पहिली किटली घरी आली तेव्हा तिने एकदा ओतून पाहिलं होतं. चहा टेबलावर, झाकण बशीत आणि तिची बोटं लाल. तेव्हा तो म्हणाला होता, "काय धांदरट आहेस गं." त्यानंतर तिने तो नाद सोडला, आणि तिला या गोष्टींची आवडच नाही असं याने धरून टाकलं. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, आईला नसेल आवडत तर सोडा ना तिचा पिच्छा. पण हा कसला सोडतोय!

या खेपेला तर त्याने खास तिच्यासाठीच किटली मागवली होती. तिच्या आवडीचा निळसर राखी रंग, पोटावर कुंभाराच्या बोटांचे वळसे. या कुंभाराचं काम सहजी मिळत नाही. कित्येक महिने दुकानदाराच्या मागे लागून याने ती मिळवली. ही बघून तरी ती बसेल, असं त्याच्या मनात होतं. नाहीच बसली तर दुसरा पेला मांडायचं बंद करायचं, असंही त्याने ठरवून टाकलं होतं. माणूस किती दिवस एकट्याने दोन पेले पिणार?

पार्सल आलं तेव्हा बायको मागे कामात होती. त्याने तिचीच कात्री उचलली आणि खोक्याची चिकटपट्टी कापायला घेतली. कात्री काही केल्या चालेना. पट्टी नुसती दुमडायची. "हिला धार लावून घे एकदा," तो ओरडला. आतून ती म्हणाली की कात्रीला काही झालेलं नाही, ती ठेवा आणि सुरी घ्या.

सुरीने खोकं उघडलं, कागदाचे बोळे निघाले आणि किटली हातात आली. रंग तसाच, माती तशीच. पण चोच आपल्याकडे वळवली की दांडी उजवीकडे यायला हवी, ती आली डावीकडे! त्याने किटली फिरवून पाहिली, जणू फिरवल्याने दांडी सरकणार होती. पाणी भरून ओतून पाहिलं तर मनगट उलटं पिळलं गेलं, झाकण घसरलं आणि बाही कोपरापर्यंत भिजली. त्याचा पारा चढला. एवढी वाट पाहायला लावून असला माल? त्याने लगेच दुकानदाराला कळवलं की दांडी चुकीच्या बाजूला बसवलीय, परत घ्या. तिकडून सभ्य उत्तर आलं: ओतताना नेमकी काय अडचण येते ते दिसेल असा एक फोटो पाठवावा.

आता फोटोत साधं पाणी काय दिसणार? म्हणून त्याने रीतसर चहा केला. पण एका हातात फोन आणि एका हातात किटली, जमेना. शेवटी बायकोला हाक मारली. "जरा ही धर आणि ओत. मला फोटो काढायचाय."

ती केसांत अडकलेला दोरा काढत आली, किटली उचलली आणि पेल्यात थोडा चहा ओतला. त्याने फोटो काढला. फोटोत सगळं छान दिसत होतं. त्याने जागा बदलून दुसरा काढला. तोही छान. मग स्टुलावर चढून वरून काढला. धार सरळ पेल्यात, झाकण जागच्या जागी, टेबलावर थेंबही नाही.

"अगं, नीट धर ना," तो वैतागून म्हणाला.

"नीटच धरलीय."

आणि खरंच नीट धरली होती. तो स्टुलावरून उतरला आणि फोन नाकाजवळ नेऊन बघू लागला. दांडी मुठीत, अंगठा झाकणावर, मनगट जरासं वळलेलं. मूठ डाव्या हाताची होती.

आता ती डावखुरी आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. लग्नापासून ती टेबलाच्या डाव्या टोकाला बसायची, कोपराला कोपर लागू नये म्हणून. आणि मघाशी ज्या कात्रीने याला दाद दिली नाही, ती तिने स्वतः शोधून आणलेली डाव्या हाताची कात्री होती. सगळं ठाऊक होतं. फक्त कपाटातल्या इतक्या किटल्यांची दांडी कुणाच्या हातासाठी आहे, हे त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तो खुर्चीत बसला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"तू कधी बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

तिने किटली खाली ठेवली नाही. कात्र्या काय, कुलपं काय, सगळं उजव्या हातासाठीच असतं, एकेका गोष्टीबद्दल कुठे बोलत बसायचं, असं ती म्हणाली. सवय होऊन जाते. मग म्हणाली, "पण तुम्ही धांदरट म्हणालात ते लागलं होतं मला. वाटायचं, तुम्हाला कळेल कधीतरी."

तेवढ्यात फोनवर दुकानदाराचा निरोप आला, फोटो मिळाला नाही म्हणून. त्याने फोन पालथा घातला आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यापुढे केली. ती बसली. किटलीतला उरलेला चहा तिने आधी त्याच्या पेल्यात ओतला, मग आपल्या.

या सगळ्या गोंधळात पत्ती केव्हाची पाण्यातच राहिली होती. चहा असा कडू झाला होता की तिने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं आणि त्याच्याकडे पाहिलं, आता प्रवचन येणार म्हणून. त्याने पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला.

"अजून आहे का?" तो म्हणाला.